पुस्तके बांधता बांधता वीज शिकलेला मुलगा : मायकेल फॅरडे



आपल्यापैकी पुष्कळ मुलांना विजेच्या खटपटी करण्याची हौस असते. कुणी बिघडलेला रेडिओ खोलतो, तर कुणी टॉर्चच्या सेलवर छोटा दिवा लावून पाहतो. पण तेवढे झाले की गाडी अडते. आता पुढे काय करायचं? नवीन कल्पना सुचायची कुठून आणि सामानाला पैसे आणायचे कुठून? दोनशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका लोहाराच्या मुलापुढे हेच प्रश्न होते. तो मुलगा म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेला शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन या भागात झाला. वडील जेम्स लोहारकाम करीत. पण त्यांची प्रकृती नेहमी बिघडलेली, त्यामुळे काम नेमाने होत नसे. घरात चार भावंडे. १८०१ साली धान्य फार महागले, तेव्हा मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एकच पाव येई. तोच त्याने पुरवून पुरवून खायचा! लिहिणे, वाचणे आणि थोडेसे गणित, एवढ्यावरच त्याची शाळा संपली.

१८०४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तो रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून कामाला लागला. घरोघरी वर्तमानपत्रे पोचवायची आणि लोकांची वाचून झाली की परत आणायची, हे त्याचे काम. पोरगा कामाचा चोख आहे हे पाहून मालकाने पुढच्याच वर्षी त्याला पुस्तकबांधणीच्या उमेदवारीला घेतले, तेही फी न घेता. ही उमेदवारी सात वर्षांची होती.

आणि इथेच त्याला कल्पनांची खाण सापडली. बांधायला आलेली पुस्तके तो नुसती शिवत नसे, वाचतही असे. एकदा ज्ञानकोशाचा एक खंड हाती आला. त्यात विजेवर एक मोठा लेख होता. जेन मार्सेट या बाईंनी सोप्या भाषेत लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तकही त्याने वाचले. वाचून गप्प बसला असता तर आज त्याचे नाव कुणाला ठाऊक झाले नसते. पुस्तकात लिहिले आहे ते खरे आहे का, हे तो स्वतः करून बघे. आठवड्याला दोन-चार पेन्यांत जमतील एवढेच प्रयोग तो निवडी. घर्षणाने वीज तयार करणारे यंत्र त्याने आधी काचेच्या साध्या बाटलीपासून बनवले. ते जमल्यावर मग चांगला काचेचा नळकांडा वापरून दुसरे केले. पहिल्याच दिवशी भारी सामान पाहिजे, असा हट्ट त्याने धरला नाही.

१८१० साली त्याला कळले की टेटम नावाचे गृहस्थ आपल्या घरी विज्ञानाची व्याख्याने देतात. पण एका व्याख्यानाला एक शिलिंग पडे. मायकेलजवळ एवढे पैसे कुठले? तेव्हा थोरला भाऊ रॉबर्ट, जो स्वतः लोहारकामच करीत होता, त्याने आपल्या कमाईतून शिलिंग दिले. त्याच वर्षी वडील वारले. घरची अशी ओढाताण असतानाही भावाने हात आखडता घेतला नाही. पालकहो, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे, बरं का! मालक रीबो यांनीही पोराला दुकानात प्रयोग करू दिले, त्याला उत्तेजन दिले.

१८०० साली इटलीच्या व्होल्टाने पहिली विजेची बॅटरी बनवली होती. ती आपणही करायची असे मायकेलच्या मनाने घेतले. १८१२ साली त्याने जस्ताच्या पत्र्यातून अर्ध्या पेनीएवढ्या सात चकत्या कापल्या. त्यांवर तांब्याची सात नाणी ठेवली. एकेका जोडीच्या मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद घातला. झाली बॅटरी! तिच्या तारा त्याने मॅग्नेशियमच्या क्षाराच्या पाण्यात बुडवल्या. हा क्षार म्हणजे जुलाबासाठी घेतात तो. त्या एवढ्याशा बॅटरीने त्या क्षाराचे विघटन झाले. खिशातली नाणी, मीठ आणि कागद यांतून एवढा प्रयोग झाला! आनंदाच्या भरात त्याने मित्राला लांबलचक पत्र लिहून सगळी हकीकत कळवली.

त्याच वर्षी दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये होणाऱ्या सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने व्याख्यानांची टिपणे काढली, घरी येऊन ती सविस्तर लिहिली, आकृत्या काढल्या आणि आपल्या हाताने बांधून त्यांचे पुस्तक केले. वर्षाच्या अखेरीस त्याने ते डेव्हींना पाठवले व आपल्याला विज्ञानाचे काम द्यावे अशी विनंती केली. डेव्ही त्याच्याशी प्रेमाने बोलले, परंतु जागा नाही, आपला पुस्तकबांधणीचा धंदा सोडू नकोस, असा सल्ला त्यांनी दिला. पुढे थोड्याच दिवसांत तिथल्या मदतनिसाला काढून टाकावे लागले आणि डेव्हींना या मुलाची आठवण झाली. १ मार्च १८१३ रोजी फॅरडे तिथे कामाला लागला. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग आणि राहायला माडीवरच्या दोन खोल्या.

१८२० साली डेन्मार्कच्या अर्स्टेड यांनी दाखवून दिले, की तारेतून वीज वाहू लागली की जवळच्या होकायंत्राची सुई हलते. फॅरडेने तो प्रयोग स्वतः करून पाहिला, उलटसुलट करून पाहिला. सप्टेंबर १८२१ मध्ये त्याने एका भांड्यात पारा घेतला, त्यात लोहचुंबक उभा केला आणि वीज वाहणारी तार वरून सैल टांगली. तार चुंबकाभोवती गरगर फिरू लागली! विजेचा प्रवाह आणि चुंबक यांच्या जोरावर सतत फिरणारे हे पहिले साधन. आज पंख्यात जी मोटर असते तिचा हा पूर्वजच म्हणायचा.

पण इथे एक कटू प्रसंग घडला. वुलस्टन नावाचे मोठे शास्त्रज्ञ याच विषयावर विचार करीत होते. फॅरडेने आपला लेख छापताना त्यांचा उल्लेख केला नाही. त्यांची कल्पना याने उचलली, अशी कुजबुज सुरू झाली. वास्तविक दोघांचे प्रयोग वेगळे होते. वुलस्टन तार स्वतःभोवती फिरवू पाहत होते, तर फॅरडेची तार चुंबकाभोवती फिरत होती. तरी त्याच्या मनाला फार लागले. १८२४ साली रॉयल सोसायटीचे सभासदत्व देण्याची वेळ आली, तेव्हा खुद्द डेव्हींनी विरोध केला. पण फॅरडेची निवड झालीच. दुसऱ्याचे पाहून प्रयोग करण्यात कमीपणा नाही, मात्र कुणाचे पाहिले ते आधी सांगून टाकावे, हा धडा यातून आपण घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सुचलेल्या कल्पना फॅरडे डोक्यात ठेवत नसे, वहीत लिहून ठेवी. १८२२ साली त्याने त्यासाठी एक खास वही घातली. पुढे कधी तरी करून पाहायच्या गोष्टी त्यात टिपलेल्या असत. त्यात एक नोंद होती, चुंबकत्वापासून वीज तयार करण्याची. विजेने चुंबकाची सुई हलते, तर चुंबकापासून वीज का मिळू नये? अधूनमधून त्याने प्रयत्न केले, ते फसले. पण वहीतली नोंद त्याने खोडली नाही. अशी नऊ वर्षे गेली!

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्याला बॅटरी जोडताच दुसऱ्या वेटोळ्याच्या तारेजवळची सुई हलली आणि लगेच थांबली. बॅटरी काढली, पुन्हा हलली. १७ ऑक्टोबरला त्याने तारेच्या पोकळ वेटोळ्यात नुसता लोहचुंबक आत-बाहेर केला, तरी वीज मिळाली. चुंबक स्थिर असेल तर काही नाही, हलला की वीज! सायकलचा डायनामो याच नियमावर चालतो आणि आपल्या कोयनेच्या वीजघरातली प्रचंड जनित्रेही याच नियमावर फिरतात.

असे सगळेच प्रयोग यशस्वी झाले असे नाही. १८४९ साली त्याने गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचा संबंध शोधण्याचा प्रयत्न केला, तो जमला नाही. तेही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले. त्याच्या रोजनिशीतल्या नोंदींचे आकडे सोळा हजारांच्या पुढे गेले आहेत. गणित मात्र त्याला शेवटपर्यंत फारसे आले नाही. त्याच्या कल्पनांना गणिताचे रूप पुढे मॅक्सवेल यांनी दिले.

एवढे नाव झाले तरी तो साधाच राहिला. सर हा किताब त्याने नाकारला. मुलांसाठी मात्र नाताळच्या सुट्टीत तो आवडीने व्याख्याने देई. साध्या मेणबत्तीवर त्याने दिलेली व्याख्याने जगभर गाजली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्याचे निधन झाले. रेडिओच्या कपॅसिटरवर बारीक अक्षरात जो मायक्रोफॅरड छापलेला असतो ना, ते नाव त्याच्यावरूनच पडले आहे.

मित्रांनो, सामान नाही म्हणून अडून बसू नका. टॉर्चचा एक सेल, हातभर तार आणि एक होकायंत्र घ्या. तार होकायंत्रावर धरा, तिची टोके सेलला क्षणभरच टेकवा आणि सुई कशी वळते ते पाहा. जास्त वेळ टेकवली तर तार तापते. मग सेल उलटा धरा. मग तारेचे दहा वेढे घ्या. एका प्रयोगातून पुढचा प्रश्न आपोआप निघतो. तो वहीत लिहा, तीच तुमची पुढची कल्पना. फक्त भिंतीतल्या प्लगच्या विजेला हात लावायचा नाही, ती जीव घेते. सगळे खेळ सेलवरच करायचे. आणि पालकहो, घरातली तुटकी बॅटरी, जुनी तार भंगारवाल्याला देण्याआधी एकदा मुलांना विचारा.

आठवड्याच्या एका पावावर दिवस काढून जगाला वीज निर्माण करण्याची वाट दाखवणाऱ्या या थोर शास्त्रज्ञाला आमचे विनम्र अभिवादन!