आठ आण्यांची विकेट : पिच लाटणारा बाळू असा बनला फिरकीचा बादशहा

साल १८९२. पुण्यात इंग्रज साहेबांच्या क्रिकेट क्लबात सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा कामाला लागला. पगार महिना चार रुपये. पिच लाटायचं, नेटच्या जाळ्या बांधायच्या, गरज पडली तर टेनिस कोर्टावर चुन्याच्या रेषा मारायच्या.

पोराचं नाव बाळू, आडनाव पालवणकर. म्हणजे मूळ गाव रत्नागिरीकडचं पालवण. जन्म मात्र धारवाडचा, घर चर्मकार समाजातलं आणि वडील पुण्यात लष्करी नोकरीत. याआधी तो एका पारशी क्लबात तीन रुपयांवर राबत होता. तिथेच मधूनमधून मेंबरांना चेंडू टाकायची सवय लागलेली.

कोच वगैरे भानगड नव्हती. साहेब लोकांची बॉलिंग बघूनच त्यानं डाव्या हाताची संथ फिरकी बसवली. पण खरी तालीम झाली ती ग्रेग नावाच्या कॅप्टनमुळे. हा त्या काळातला हिंदुस्थानातला नावाजलेला इंग्रज बॅट्समन. इतरांच्या तासभर आधी तो मैदानावर हजर व्हायचा आणि बाळूला बॉलिंग करायला लावायचा. असं सांगतात, की बाळूनं आऊट केलं की दर वेळी आठ आणे मिळायचे.

हिशोब करून बघा. महिन्याचा पगार चार रुपये, म्हणजे आठ विकेटी काढल्या की पगाराएवढी कमाई! त्यामुळे प्रत्येक चेंडू डोकं लावून टाकावा लागे आणि समोर कसलेला बॅट्समन असल्यानं चूक तिथल्या तिथे कळे. आज पोराला फुटबॉलच्या जादा क्लासला घालणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावं. नुसते तास वाढवून पाय तयार होत नाही, चूक लगेच कळावी लागते.

दुसरी बाजूही आहे. इतकी वर्षं नेटमध्ये घाम गाळला, पण साहेबांनी त्याच्या हातात बॅट कधी दिली नाही. नोकरानं बॉलिंग करायची, बॅटिंग साहेबांनी. याचा परिणाम आकड्यांत दिसतो. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ विकेट, सरासरी जेमतेम १५. बॅटिंगची सरासरी मात्र १४ च्याही खाली. ज्याचा सराव झाला तेच आलं.

पुण्याच्या हिंदू संघात घेताना जातीवरून वाद झाला. शेवटी घेतलं, पण चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या कपात. चेंडूला मात्र सगळ्यांचे हात लागत होते, त्याचा विटाळ कुणाला झाला नाही! पुढे पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला गेले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात दोन्ही डावांत मिळून त्यांच्या आठ विकेट होत्या. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात तर त्यांनी ११४ जणांना तंबूत पाठवलं.

एवढं करूनही हिंदू संघाचं कप्तानपद काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. ते १९२३ मध्ये मिळालं त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना.