त्सुदा नागातादा : उद्यानाचा शिल्पकार, शाळेचा राखणदार

पुण्याहून पानशेतकडे येताना सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान लागते. आपल्या शाळेच्या बहुतेक पालकांनी ते पाहिले आहे आणि मुलांना तेथे उभे करून छायाचित्रेही काढली आहेत. पुणे आणि जपानमधील ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीची खूण म्हणून महापालिकेने सुमारे दहा एकरांत ते उभारले. हिरवळीचे मंद उंचवटे, वळणे घेत जाणारा ओढा आणि त्यावरचे छोटे पूल हे सारे ओकायामाच्या कोराकुएन या तीनशे वर्षांहून जुन्या उद्यानावरून घेतलेले आहे. ओढ्यात खेळणारे पाणी मात्र मुठा कालव्याचे, म्हणजे खडकवासल्यामार्गे गेलेले आपल्याच खोऱ्यातले आहे.

कोराकुएन कोणी बांधले, असे विचारले की इकेदा त्सुनामासा या सरदाराचे नाव सांगितले जाते. इतिहासात राजाचे नाव आले की कारागिराचे नाव विचारावे, अशी सवय आम्ही विद्यार्थ्यांना लावत आलो आहोत. येथे ते नाव सुदैवाने उपलब्ध आहे. ते त्सुदा नागातादा. ओकायामात हे नाव आजही आदराने घेतले जाते. आपल्याकडे ते फारसे पोहोचलेले नाही.

नागातादाचा जन्म १६४० सालचा, म्हणजे तो शिवछत्रपतींचा समकालीन. घराणे समुराईंचे, पण फार मोठ्या मानाचे नव्हे. चौदाव्या वर्षी तो ओकायामाचा अधिपती इकेदा मित्सुमासा याच्या चाकरीत रुजू झाला. पुढच्याच वर्षी, १६५४ मध्ये, असाही नदीला महापूर आला आणि ओकायामा शहर पाण्याखाली गेले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटून पुण्यात जे घडले त्याच्या आठवणी आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकल्या आहेत. अशा पुराचा संस्कार कोवळ्या वयाच्या माणसावर किती खोल होत असेल, याची कल्पना या खोऱ्यातल्या माणसाला वेगळी करून द्यावी लागत नाही.

नागातादाच्या पुढच्या आयुष्यातील बहुतेक कामे पाण्याशी झुंजणारी आहेत. पुराचे पाणी शहरात शिरण्याआधीच बाजूला वळवावे ही कल्पना मुळात कुमाझावा बान्झान या विद्वानाची. तिला प्रत्यक्ष रूप नागातादाने दिले. ह्याक्केनगावा नावाचा तो पूरवाहक कालवा १६८६-८७ च्या सुमारास पूर्णत्वास गेला आणि आजही तो ओकायामाचे रक्षण करतो. कोजिमा उपसागराची उथळ भूमी बांध घालून लागवडीखाली आणण्याचे काम त्याने हाती घेतले. त्यांपैकी १६९२ मध्ये सिद्ध झालेले ओकिनो शिंदेन हे सर्वांत मोठे. तेथील समुद्रबांध टिकेना, तेव्हा एका मुलीने स्वतःला त्यात गाडून घेतले, अशी आख्यायिका तेथे सांगतात आणि तिचे देवस्थानही आहे. पुरंदरच्या बुरुजाची कथा ऐकलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. आख्यायिका खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी बांधाखाली गाडले जाणारे माणूस कधी सरदाराच्या घरातले नसते, एवढे दोन्ही देशांच्या कथांवरून दिसते.

१६८७ मध्ये त्सुनामासाने किल्ल्यासमोर, असाहीच्या पात्रातील सपाट भूमीवर, उद्यान उभारण्याची आज्ञा दिली. काम १७०० पर्यंत चालले. आज त्याचे क्षेत्र तेरा हेक्टरांहून थोडे अधिक आहे.

जपानी उद्यानाचे आपले कुतूहल बहुधा छायाचित्रांवरून जागे होते आणि येथेच थोडी फसगत होते. छायाचित्र एका जागेवरून दिसते ते दाखवते. कोराकुएनची रचना मात्र चालणाऱ्या माणसासाठी आहे. वाट वळते तसे तळे झाडाआड जाते, मग अकस्मात बेटासह समोर येते; पुढच्या वळणावर किल्ल्याचा काळा मनोरा डोकावतो. तो किल्ला आणि पलीकडचा मिसाओ डोंगर उद्यानाच्या हद्दीबाहेर आहेत. तरी झाडांची उंची आणि वाटांची दिशा अशी योजली आहे, की ते उद्यानाचेच भाग वाटावेत. यास जपानी परंपरेत उसनवारीचे दृश्य म्हणतात. र्‍युतेन नावाच्या विश्रामगृहाच्या तळमजल्यातून तर ओढाच वाहतो आणि त्यात सहा शिळा मांडलेल्या आहेत. ज्याने आयुष्यभर पाण्याला बांध घातले, त्याने येथे त्याला घरात येऊ दिले.

आणखी एक विशेष असा, की या उद्यानात भातशेती होती. आरंभी तर बराच भाग शेतांचा आणि भाजीच्या वाफ्यांचा होता. पुढे त्यांची जागा हिरवळीने घेतली. चहाचा मळा आणि भाताचा एक छोटा तुकडा आजही राखलेला आहे. शेत हे सौंदर्यस्थान ठरावे ही गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. अर्थात धन्याने गंमत म्हणून पाहिलेले शेत आणि कुळाने कर भरण्यासाठी कसलेले शेत यांत अंतर आहेच. शिळा कोणी ओढल्या, तळे कोणी खणले, त्यांची नावे कोठे आहेत? क्योतोत पंधराव्या शतकात शोगुनाच्या आश्रयाने उद्याने रचणारा झेनआमी हा तर नदीकाठच्या अस्पृश्य वस्तीतला होता. जपानी उद्यानकलेचा इतिहास लिहिताना त्या वस्तीला वगळता येत नाही.

नागातादाचे चरित्र या स्मरणिकेसाठी निवडण्याचे मुख्य कारण मात्र उद्यान नाही.

मित्सुमासा हा कट्टर कन्फ्यूशियनवादी होता. १६६६ च्या सुमारास त्याने आपल्या मुलुखातील शेकडो बौद्ध मंदिरे बंद पाडली. बौद्ध म्हणून हे आपण डोळ्यांआड करू नये. त्याच राजाने १६६८ मध्ये गावोगावी १२३ लेखनशाळा काढल्या, हेही तितकेच खरे आहे. १६७० मध्ये त्याने नागातादाला शिझुतानीच्या शांत दरीत सामान्यांच्या मुलांसाठी शाळा उभारण्यास सांगितले. मुले तेथेच राहत आणि शिकत. आजच्या भाषेत ती निवासी शाळा होय.

थोड्याच वर्षांत सत्ता पुत्राकडे, त्सुनामासाकडे आली. तिजोरी आटली होती. गावोगावच्या लेखनशाळा १६७५ मध्ये बंद झाल्या. शिझुतानीचीही तीच गत होण्याची चिन्हे होती. तेव्हा नागातादाने जे केले ते प्रत्येक संस्थाचालकाने अभ्यासावे असे आहे. त्याने शाळेच्या नावे स्वतंत्र शेतजमीन आणि जंगल लावून घेतले. सरदाराची मर्जी फिरली, घराणे बदलले, मुलूख दुसऱ्याकडे गेला, तरी शाळेचा खर्च तिच्याच उत्पन्नातून भागावा ही त्यामागची दूरदृष्टी होती. अनुदानाची वाट पाहत वसतिगृहाचा किराणा उधारीवर भरण्याचे दिवस ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांना या व्यवस्थेचे मोल कळेल.

ज्या वर्षांत सरदारासाठी उद्यान घडत होते, त्याच वर्षांत तो शाळेच्या वास्तूही पक्क्या करत होता. आजचे व्याख्यानगृह १७०१ मध्ये पूर्ण झाले. त्याचे छप्पर बिझेनच्या भाजक्या कौलांचे, तर जमीन गुळगुळीत लाकडी फळ्यांची असून खिडक्यांची प्रतिबिंबे तीत पडतात. शाळेभोवती गोलसर माथ्याची ७६५ मीटर लांबीची दगडी भिंत आहे. या साऱ्यापेक्षा आम्हांस भावते ती तेथील एक कृत्रिम टेकडी. मुलांच्या राहण्याच्या जागेत चूल आणि दिवे असत, म्हणजे आगीचे भय. म्हणून राहण्याची जागा आणि व्याख्यानगृह यांच्यामध्ये त्याने मातीची टेकडी उभी केली, जेणेकरून एकीकडची आग दुसरीकडे जाऊ नये. उद्यानात शोभेसाठी टेकडी रचण्याची कला जपानात जुनीच. तीच कला त्याने येथे आगीपासून बचावासाठी वापरली.

या शाळेत सामान्य म्हणून जी मुले आली, त्यांत गावच्या मुखियांची आणि सुस्थित शेतकऱ्यांची मुले अधिक होती. त्याच ओकायामाच्या मुलुखात १८५६ मध्ये, अस्पृश्य मानलेल्यांनी केवळ ठरावीक रंगाचे बिननक्षीचे कपडे वापरावेत या हुकुमाविरुद्ध त्या वस्त्यांनी उठाव केला. हुकूम अमलात आला नाही, पण पुढाऱ्यांना तुरुंगवास घडला आणि काहींचा तेथेच अंत झाला. महाडच्या तळ्याआधी ७१ वर्षांची ही घटना. नागातादाची थोरवी सांगताना तीही आम्ही सांगतो, कारण त्याची शाळा किती दूरपर्यंत पोहोचली आणि कोठे थांबली, हे त्यावरून समजते.

नागातादा १७०७ मध्ये निवर्तला. उद्यान जवळजवळ दोन शतके सरदारांच्या मालकीचे राहिले. १८७१ मध्ये त्याला कोराकुएन हे नाव मिळाले. राज्यकर्त्याने सुख भोगावे ते प्रजेच्या मागाहून, अशा एका चिनी विचारावरून ते घेतलेले आहे. १८८४ मध्ये उद्यान प्रांताच्या ताब्यात गेले आणि सर्वांसाठी खुले झाले. १९३४ चा पूर आणि १९४५ ची बॉम्बफेक यांत त्याची मोठी हानी झाली. जुन्या नोंदी आणि चित्रे जपलेली होती, त्यांच्या आधारे ते पुन्हा उभारले गेले.

शिझुतानीचे व्याख्यानगृह आज जपानची राष्ट्रीय संपदा आहे. टेकडीही जागेवर आहे. शाळकरी मुले अजून तेथे येतात आणि त्या लाकडी जमिनीवर ओळीने बसून मोठ्याने वाचन करतात.