तेलातून ताकद नेणारा माणूस : हर्मन फॉटिंगर

टॉर्क कन्व्हर्टर हा शब्द आपण व्हायव्हाच्या आदल्या रात्री पाठ करतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. पण त्याच्या जनकाचं नाव किती जणांना ठाऊक आहे? मलाही ते माझ्या मामाच्या पिकअपमुळे कळलं.

हर्मन फॉटिंगर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७७ रोजी जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे झाला. म्युनिकला ते चक्क इलेक्ट्रिकल शिकले आणि १८९९ मध्ये स्टेटिनच्या व्हल्कन जहाज कारखान्यात लागले. (हे शहर आता पोलंडमध्ये आहे.) तिथे एक अवघड प्रश्न होता. स्टीम टर्बाइन वेगाने फिरलं तरच परवडतं, पण जहाजाचा पंखा सावकाशच फिरायला हवा. एवढी ताकद पेलणारे गिअर तेव्हा नीट बनत नव्हते. जनरेटर आणि मोटर लावावी, तर वजन फार. मग फॉटिंगरांनी पंप आणि टर्बाइन एकाच बंद डब्यात समोरासमोर बसवले. पंप द्रव फेकतो, त्या माऱ्याने टर्बाइन फिरतं आणि स्थिर पात्यांमुळे टॉर्क वाढतो. १९०५ मध्ये पेटंट घेतलं तेव्हा त्यांचं वय होतं फक्त २८!

१९०९ मध्ये ते डान्झिगला आणि १९२४ मध्ये बर्लिनला प्राध्यापक झाले. पुढे गिअर सुधारले आणि जहाजांवर त्यांचा शोध मागे पडला. पण रस्त्यावर त्याला नवा जन्म मिळाला. १९४८ मध्ये ब्यूइक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर आला. ते पाहायला फॉटिंगर नव्हते. २८ एप्रिल १९४५ रोजी, बर्लिनच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा लागून ते गेले.

आता मामाची गोष्ट. त्याची डहाणूला चिकूची वाडी आहे. जुनी ऑटोमॅटिक पिकअप चारोटी नाक्याहून हायवेने तलासरीकडे निघाली की साठच्या आसपास थरथरायची, जणू रंबलर्सवरून चाललीय. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, अख्खा गिअरबॉक्स बदला. ऐन सीझनमध्ये एवढा खर्च कुठून आणायचा?

खरं तर फॉटिंगरांच्या पंप-टर्बाइनमध्ये काही घासतच नाही. पण थोडी ताकद तेल तापवण्यात वाया जाते. ती वाचवायला नंतरच्या लोकांनी लॉक-अप क्लच जोडला. तेल जुनं झालं की त्यातली घर्षण सांभाळणारी रसायनं संपतात, मग हा क्लच धरतो-सुटतो आणि गाडी थरथरते. आम्ही आधी इंजिन मिसफायर करत नाही ना, ते पाहिलं. मग थरथर सुरू असताना ब्रेकला हलकासा पाय लावला. लॉक-अप सुटला आणि थरथर थांबली. म्हणजे संशय बरोबर! कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं तेल आणि नवा फिल्टर टाकला. एकदा काढल्याने सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून थोडी गाडी चालवून पुन्हा बदललं, असं तीनदा केलं. थरथर गेली. अर्थात क्लचचं अस्तरच जळलं असतं, तर नुसत्या तेलाने भागलं नसतं.

माझ्या कॉन्व्हेंटी तोंडात तेलाआधी ऑइल येतं, पण महत्त्व आता पटलंय. फॉटिंगरांच्या यंत्रात ते नुसतं वंगण नाही, ताकद वाहून नेणारा भागच आहे. तेव्हा घरी ऑटोमॅटिक गाडी असेल तर सुट्टीत गेल्यावर एकदा विचारा, गिअरबॉक्सचं तेल शेवटचं कधी बदललं?