हाली, कलदार आणि चिंतामणराव देशमुख

नांदेड-लातूरकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात दोन रुपये असायचे. निजामाच्या टांकसाळीतला उस्मानिया सिक्का म्हणजे हाली आणि ब्रिटिश मुलखातला तो कलदार. सात हाली मोजावे तेव्हा सहा कलदार मिळत. त्यामुळे 11 ऑगस्ट 1943 रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, एक मराठी माणूस देशाच्या तिजोरीवर बसला, तरी आमच्या मुलखाचे सरकारी चलन निजामाचेच राहिले.

देशमुखांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी रायगडाजवळच्या नाते गावचा. 1912 साली मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती, केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक, पुढे आय.सी.एस.च्या परीक्षेतही पहिले. अर्थशास्त्राची पदवी मात्र त्यांच्याकडे नव्हती! अर्थकारण ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या अर्थखात्यात काम करता करता शिकले. 1939 मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि चार वर्षांत गव्हर्नर झाले. कोलंबिया आणि लंडन विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून रुपयावर ग्रंथ लिहिणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते.

बाबासाहेबांच्या विचारातून रिझर्व्ह बँक उभी राहिली, असे आपण दर 14 एप्रिलला अभिमानाने सांगतो. पण 1923 च्या त्या ग्रंथात काय आहे, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? सरकारला हवे तेवढे चलन काढण्याची मोकळीक देऊ नका, त्यावर कायद्याने मर्यादा घाला, हे त्यातले मुख्य म्हणणे. कारण चलन वाढले की भाव चढतात आणि मजुरी मागे राहते. मजुरीचा हा मुद्दा त्यांनी हिल्टन यंग कमिशनपुढेही मांडला होता. रिझर्व्ह बँक 1935 मध्ये सुरू झाली खरी, पण तिच्या कायद्याने लंडनमधल्या स्टर्लिंगच्या तारणावर येथे नोटा छापण्याची वाट मोकळी ठेवली होती.

दुसऱ्या महायुद्धात नेमके तेच झाले. इंग्रज सरकारने येथून धान्य, कापड, माणसे नेली, त्याचे पैसे लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा केले आणि येथे त्यावर नोटा छापल्या गेल्या. 1939 ते 1945 या काळात चलनातल्या नोटा सुमारे सहा पटीने वाढल्या. देशमुख खुर्चीवर बसले त्या साली बंगालात लाखो माणसे भुकेने मेली. आमच्या मते याचा सारा दोष देशमुखांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. नोटांचा हा पूर त्यांच्या आधी सुरू झाला होता आणि गुलाम देशाच्या गव्हर्नरला युद्धाचा खर्च नाकारता येत नव्हता. पण त्या नोटा त्यांच्या बँकेच्या होत्या, हेही तितकेच खरे. हालीचा दर कलदारला बांधलेला असल्याने या महागाईपासून निजामाच्या रयतेचीही सुटका नव्हती.

जुलै 1944 मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारताचे हे थकलेले स्टर्लिंग कसे फिटणार, हा प्रश्न भारतीय शिष्टमंडळाने लावून धरला. देशमुख त्या शिष्टमंडळात होते. परिषदेने तो प्रश्न ब्रिटन आणि भारताने आपसात सोडवावा म्हणून बाजूला सारला. परिषदेतून जागतिक बँक व नाणेनिधी जन्माला आले. 1 जानेवारी 1949 रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले ते देशमुखांच्याच कारकिर्दीत. त्याआधी सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले होते. तरीही हाली सिक्का आमच्या बाजारातून पुरता जायला 1959 उजाडले!

1950 मध्ये देशमुख अर्थमंत्री झाले. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते आणि 1951 च्या राजीनाम्यापर्यंत दोघे एकाच मंत्रिमंडळात बसले. रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण कर्ज पाहणीचा अहवाल 1954 मध्ये आला. शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जात सहकारी संस्थांचे जेमतेम तीन रुपये, व्यापारी बँकांचा एक रुपयाही नाही आणि सत्तरच्या आसपास सावकाराचे! यावर उपाय म्हणून 1955 मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. 1956 मध्ये निजामाच्या काळातली हैदराबाद स्टेट बँकही रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात आली. 2017 मध्ये स्टेट बँकेत विलीन होईपर्यंत नांदेड-लातूरकर तिला हैदराबाद बँकच म्हणत.

पण हा हिशोब जमीन कसणाऱ्यांचा होता. ज्याच्याकडे सातबारा नाही, त्याने तारण काय द्यायचे? देशमुखांच्या व्यवस्थेत या मजुराला जागा नव्हती आणि त्यात आमचा समाज बहुसंख्येने होता. त्याला सालगड्याची उचल होती, नाहीतर सावकार.

1956 मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयावरून देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. सत्ता अशी सोडणारे किती निघतात? त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पुढे ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1969 ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी लढवली आणि हरले. पत्नी दुर्गाबाईंसोबत त्यांचे अखेरचे दिवस हैदराबादेत गेले. आमचा हाली सिक्का ज्या शहरातून यायचा, त्याच शहरात 2 ऑक्टोबर 1982 रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला होता.