पुठ्ठ्याची गिटार घडविणारा सुतार

विद्यार्थिमित्रांनो, रिकाम्या डब्यावर किंवा खोक्यावर तार ताणून वाद्य करण्याचा खटाटोप तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. त्यातून सूर निघाला म्हणजे केवढा आनंद होतो, आणि नुसताच बद्द आवाज आला म्हणजे केवढा हिरमोड! अशा वेळी आपण बहुधा साहित्याच्या हलकेपणाला दोष देतो. हा दोष नेमका कोठे असतो, हे स्पेन देशातील एका सुताराने चक्क पुठ्ठ्याची गिटार करून दाखविले. त्याचे नाव आंतोनियो दे तोरेस.

तोरेसचा जन्म १३ जून १८१७ रोजी दक्षिण स्पेनमधील आल्मेरिया शहरालगतच्या एका खेड्यात झाला. वडील करवसुलीच्या नोकरीत होते. बाराव्या वर्षी आंतोनियो सुताराच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. पुढे राजगादीसाठी देशात यादवी पेटली, तेव्हा मुलगा लष्करभरतीतून सुटावा म्हणून घरच्यांनी १८३५ साली घाईने त्याचे लग्न उरकले. परंतु त्याच्या संसाराला सुख लाभले नाही. कर्ज झाले, दोन मुली दगावल्या, आणि १८४५ साली पत्नीही क्षयाने निवर्तली. तिचे वय त्या वेळी अवघे तेवीस वर्षांचे होते.

पुढे तोरेस सेव्हिल शहरी राहू लागला व सुतारकामाबरोबर गिटारी घडवू लागला. हुलियान आर्कास या नामांकित वादकाने त्याचे कसब ओळखून हाच व्यवसाय धरण्याचा सल्ला दिला. १८५८ साली सेव्हिलच्या प्रदर्शनात त्याच्या गिटारीला पदक मिळाले.

आपल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जशी लाकडी तबली असते, तशीच गिटारीच्या दर्शनी बाजूस असते. एकटी तार फारच थोडी हवा हलविते. तिचे कंपन घोडीतून तबलीत उतरते, तबली थरथरते, आणि मग आवाज खोलीभर पसरतो. म्हणून तबली हलकी हवी. पण सहा तारांचा ताण सोसण्याइतकी बळकटही हवी. तोरेसने ती पातळ ठेवून आतून पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरलेल्या सात बारीक पट्ट्या चिकटविल्या. ही युक्ती सर्वस्वी त्याची नव्हे. परंतु तिला पूर्णत्व त्याने आणले.

आवाजाचा मुख्य आधार तबलीच आहे, हे सिद्ध करण्यासाठी १८६२ साली त्याने एक गिटार केली. तिची पाठ व बाजू पुठ्ठ्याच्या होत्या. तबली मात्र नेहमीसारखी उत्तम लाकडाची होती. ती गिटार आज बार्सिलोना येथील संगीत-संग्रहालयात आहे.

१८६९ साली फ्रान्सिस्को तार्रेगा हा सतरा वर्षांच्या सुमाराचा तरुण गिटार घेण्यास आला. तोरेसने प्रथम एक साधी गिटार पुढे केली. पण मुलाचे वादन ऐकताच पाच वर्षांपूर्वी घडवून आपल्याजवळ जपून ठेवलेली गिटार काढून त्याच्या हाती दिली. हाच तार्रेगा पुढे थोर वादक म्हणून प्रसिद्धीस आला.

एवढे कसब असूनही त्या धंद्यावर तोरेसचे पोट भरेना. त्याने दुसरा विवाह केला होता. १८७० च्या सुमारास तो आल्मेरियास परतला आणि त्याने चिनी मातीच्या व काचेच्या भांड्यांचे दुकान थाटले. काही वर्षे हत्यारे बाजूस पडली. १८७५ पासून मात्र फावल्या वेळात त्याने ती पुन्हा उचलली, आणि १९ नोव्हेंबर १८९२ रोजी मरण येईपर्यंत खाली ठेविली नाहीत. त्याला ओळखणाऱ्या एका धर्मगुरूने नंतर लिहून ठेवले की, आपली विद्या मागे ठेवता येत नाही याचे तोरेसला वाईट वाटे. कारण तबलीची जाडी त्याला अंगठा व तर्जनी यांच्या स्पर्शाने कळे, आणि तो स्पर्श दुसऱ्यास देता येत नसे. तरीही त्याची मापे व रचना पुढील कारागिरांनी उचलली. आजची अभिजात गिटार बव्हंशी त्याच घडणीची आहे.

मित्रांनो, आपल्या शहाद्यातही दुकानांमागे टाकलेले पुठ्ठे व मोडकी खोकी मिळतील. त्यांची गिटार अवश्य करा; मात्र तबलीसाठी पातळ, सरळ रेषांची, चांगली वाळलेली फळी शोधल्यावाचून राहू नका. पालकांसही एवढेच सांगणे की, मुलाचा सदरा जुना असला, वह्या पाठकोऱ्या कागदांच्या असल्या, तरी बिघडत नाही. त्याच्या अभ्यासाची रोजची घटका मात्र कामाला जुंपून कमी करू नये. काटकसर पाठीला व बाजूंना चालते, तबलीला चालत नाही.