गुळाची पेठ, दुष्काळातलं धान्य, राधानगरीचं पाणी : शाहू महाराजांनी कोल्हापूरची सप्लाय चेन कशी बदलली?

पावसाळा सुरू झाला की कोल्हापूरकरांच्या मोबाईलवर दोन बातम्या हमखास फिरतात. राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, ही एक. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फुटांवर गेलं, ही दुसरी. 39 फूट म्हणजे इशारा पातळी आणि 43 फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं.

राधानगरीचं हे धरण बांधायला घेतलं राजर्षी शाहू महाराजांनी. आणि त्यांचा जन्म झाला याच कसबा बावड्यात.

शाहू महाराज म्हटलं की आपल्याला आरक्षण, वसतिगृहं आणि कुस्ती आठवते. ते बरोबरच आहे. पण महाराजांच्या कामाची आणखी एक बाजू आहे, जिच्यावर फारसं बोललं जात नाही. माल पिकतो एका ठिकाणी आणि लागतो दुसऱ्या ठिकाणी. मधल्या वाटेवर तो अडतो, सडतो किंवा कुणाच्या तरी गोदामात पडून राहतो. या मधल्या वाटेला आज आपण सप्लाय चेन म्हणतो. महाराजांना हा शब्द माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण राज्यावर आल्यापासून ते याच वाटेवर काम करत होते.

बावड्यातले यशवंतराव गादीवर कसे आले?

26 जून 1874. कसबा बावड्यातल्या लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये कागलच्या घाटगे घराण्यात मुलगा जन्मला. नाव ठेवलं यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. यशवंतराव जेमतेम तीन वर्षांचे असताना आई गेली.

इकडे कोल्हापूरच्या गादीवरचे चौथे शिवाजी महाराज 1883 च्या डिसेंबरमध्ये अहमदनगरला इंग्रजांच्या देखरेखीत असताना वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. राणी आनंदीबाईंनी 17 मार्च 1884 ला यशवंतरावांना दत्तक घेतलं आणि ते शाहू छत्रपती झाले. दोनच वर्षांनी वडिलांचंही छत्र गेलं. पुढचं शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि मग धारवाडला स्टुअर्ट फ्रेजर यांच्या हाताखाली झालं.

शिक्षण चालू असतानाच कोल्हापुरात एक मोठी गोष्ट घडत होती. 1888 साली कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कामाची सुरुवात झाली, तीही किशोरवयीन शाहू महाराजांच्याच हस्ते. 1891 मध्ये साधारण 47 किलोमीटरचा हा मार्ग सुरू झाला. मिरजेला तो पुणे-बेळगाव मार्गाला मिळत होता. 2 एप्रिल 1894 ला महाराजांनी कारभार हातात घेतला तेव्हा त्यांचं वय होतं 19, आणि संस्थानात आगगाडी येऊन तीन वर्षं झाली होती.

रेल्वे आली, मग अडचण कुठं होती?

आता यासाठी गूळ समजून घ्यावा लागेल.

गूळ हा फार नाजूक माल. ऊस तोडला की तो लवकर गाळावा लागतो. रस काहिलीत कढवायचा, गुळव्यानं अचूक वेळी काहील उतरवायची, मग रवे पाडायचे. हंगाम हिवाळ्याचा. तयार झालेला गूळ पावसाळ्यापर्यंत नीट साठवला नाही तर हवेतली ओल शोषून पाघळतो. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात वेळ कमी, आणि घेणाऱ्याला हे पक्कं ठाऊक.

रेल्वे यायच्या आधी कोल्हापूरचा माल बैलगाड्यांनी आणि बैलांच्या पाठीवरून जायचा. घाट उतरून कोकणातल्या राजापूरसारख्या बंदरात, नाहीतर देशावरच्या पेठांत. रेल्वे आली आणि दूरची बाजारपेठ जवळ आली. पण रूळ टाकले म्हणून व्यापार आपोआप उभा राहत नाही. गूळ उतरवायला जागा पाहिजे, तोलायला माणसं पाहिजेत, गोदामं पाहिजेत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रोख पैसे मोजून माल उचलणारे व्यापारी पाहिजेत, आणि तेही एकापेक्षा जास्त.

महाराजांनी कारभार हाती घेतल्यावर वर्षभरात, म्हणजे 1895 साली, शाहूपुरी ही नवी व्यापारपेठ वसवायला घेतली. जागा निवडली ती रेल्वे स्टेशनच्या शेजारची. व्यापाऱ्यांना तिथं जागा आणि सवलती देऊन बोलावलं. गावोगावचा गूळ एका ठिकाणी यायला लागला, तिथंच सौदा आणि तिथूनच वॅगनमध्ये चढवणी. मधली एक अख्खी वाहतूक वाचली.

याच विचारातून पुढं 1916-17 च्या सुमारास शिरोळ भागात, याच रेल्वेमार्गावर, वडिलांच्या नावानं जयसिंगपूर वसलं. सरळ रस्ते, आखीव चौक आणि मधोमध व्यापार. आजही त्या शहराचा नकाशा पाहिला तर ते आधी कागदावर आखलेलं गाव आहे हे लगेच कळतं.

पण पहिली परीक्षा दुष्काळानं घेतली

शाहूपुरीची पेठ नुकती उभी राहत होती आणि 1896 साली पावसानं दगा दिला. 1896-97 चा दुष्काळ देशाच्या मोठ्या भागात पडला. त्याच्या पाठोपाठ प्लेग आला.

दुष्काळात माणसं मरतात ती दर वेळी धान्य नाही म्हणून मरत नाहीत. धान्य कुठंतरी असतं. ते महाग झालेलं असतं किंवा जास्त भाव मिळेल तिकडं निघून जातं. रेल्वे दोन्ही दिशांना धावते. ती बाहेरचं धान्य आत आणते, तसंच आतलं धान्य बाहेरही नेते.

महाराजांनी इथं बाजाराच्या भरवशावर न बसता संस्थानाला मध्ये उतरवलं. बाहेरून धान्य आणलं. स्वस्त धान्याची दुकानं उघडली. बाजारभाव आणि दुकानातला दर यातला फरक संस्थानानं सोसला. ज्यांच्याकडं स्वस्त धान्य घ्यायलाही पैसे नव्हते, त्यांच्यासाठी दुष्काळी कामं काढली, म्हणजे हातात मजुरी आली. जे काम करू शकत नव्हते अशा म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी निराधार आश्रम काढले. जनावरांसाठी संस्थानाची जंगलं चराईला मोकळी केली. शेतकऱ्यांना तगाई दिली.

आणि एक गोष्ट तर आजच्या भल्याभल्या योजनांनाही सुचत नाही. खडी फोडायला येणाऱ्या बायकांची तान्ही मुलं उन्हात पडलेली असायची. त्यांच्यासाठी कामाच्या ठिकाणीच शिशुगृहं सुरू केली. मूल सांभाळलं गेलं तरच आई कामावर येणार, ती कामावर आली तरच मजुरी, आणि मजुरी मिळाली तरच स्वस्त धान्याच्या दुकानाचा उपयोग. साखळीतली सगळ्यात कमकुवत कडी कुठली हे बरोबर ओळखलं होतं.

हे सगळं कचेरीत बसून होत नव्हतं. महाराज स्वतः दुष्काळी भागात फिरत होते. वय होतं 22.

पाण्याचीही सप्लाय चेन असते

कोल्हापूर संस्थानाची गंमत अशी, की पश्चिमेला सह्याद्रीत पाऊस धो धो कोसळतो आणि पूर्वेकडचा भाग पावसाची वाट बघत बसतो. पाऊस चार महिने, पिकाला पाणी मात्र त्यानंतर लागतं. पाणी आहे, पण हव्या त्या जागी आणि हव्या त्या वेळी नाही.

1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज युरोपला गेले. त्याच वर्षी 26 जुलैला मागास वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवणारा प्रसिद्ध हुकूम निघाला. पण याच 1902 मध्ये संस्थानाचं स्वतंत्र पाटबंधारे धोरणही आखलं गेलं. विहिरी आणि तलावांची पाहणी सुरू झाली. आधी मोजा, मग खर्च करा, असा सरळ हिशोब.

त्यातून पुढं भोगावती नदीवर फेजिवड्याजवळ धरण बांधायचं ठरलं. 1907-08 पासून कामाला गती आली. तिथं वसवलेल्या गावाला मुलीच्या नावावरून राधानगरी नाव दिलं. एका लहानशा संस्थानासाठी हा खर्च झेपणारा नव्हता. भिंत 40 फुटांपर्यंत आली आणि 1918 मध्ये पैशाअभावी काम थांबलं. महाराजांना हे धरण पुरं झालेलं बघता आलं नाही. ते पूर्ण व्हायला 1950 चं दशक उजाडलं. आज त्याची साठवण क्षमता सुमारे 8.36 टीएमसी आहे.

खरी कडी : माहिती कुणाच्या हातात?

मायकल हॅमर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं 1990 साली एक मुद्दा मांडला आणि तो जगभर गाजला. जुनी चुकीची पद्धत तशीच ठेवून वर कॉम्प्युटर बसवला तर तीच चूक फक्त जलद होते. म्हणून आधी पद्धत बदला. यालाच बिझनेस प्रोसेस रीडिझाइन म्हणतात.

महाराजांच्या काळातला कॉम्प्युटर म्हणजे गावचं दप्तर. कुणाची जमीन किती, पीक काय, सारा किती भरायचा, कुणाला तगाई दिली, हे सगळं त्यात. आणि हे दप्तर वंशपरंपरेनं कुलकर्ण्यांच्या घरात. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्यानं पावती बघून तरी काय करायचं? नोंद काय झाली हे त्याला कळायचं नाही आणि तपासायची सोयही नसायची.

1918 साली महाराजांनी कुलकर्णी वतन बंद केलं आणि पगारी तलाठी नेमायला सुरुवात केली. नोंद ठेवणं हा घराण्याचा हक्क न राहता नोकरी झाली. तिच्यासाठी शिक्षण लागणार होतं आणि काम चुकलं तर जाब विचारता येणार होता. त्याच्या आदल्या वर्षी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. या दोन निर्णयांचा संबंध लक्षात घ्या. एकीकडं दप्तर घराबाहेर काढलं, दुसरीकडं ते वाचता येणारी पिढी तयार करायला घेतली.

त्याच सुमारास बलुतेदारीच्या बंधनातूनही लोकांना मोकळं केलं. जातीनं ठरवून दिलेलाच धंदा करायची सक्ती असेल तर बाजार कितीही मोठा करा, त्यात उतरणारी माणसं तीच राहतात. गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली. पण दलिताच्या हातचा चहा घेणार कोण? मग महाराज स्वतः लवाजमा घेऊन तिथं थांबून चहा प्यायला लागले. दुकान काढून देणं सोपं होतं, तिथपर्यंत गिऱ्हाईक आणणं अवघड. महाराजांनी दोन्ही केलं.

मग सगळं सुटलं का?

नाही.

शाहूपुरीमुळं शेतकऱ्याला बाजार मिळाला, पण भाव ठरवण्याची ताकद व्यापाऱ्याकडंच राहिली. त्या काळच्या पेठांमध्ये हत्ता पद्धत चालायची. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. माल ज्याचा, तो शेजारी उभा, आणि त्यालाच आकडा माहीत नाही. शिवाय हंगामाआधी अडत्याकडून उचल घेतलेली असली की गूळ त्याच्याच दारात न्यावा लागायचा.

संस्थानात 1912-13 च्या सुमारास सहकारी संस्थांना कायद्याचा आधार मिळाला, तो याच उचलीच्या फासाला पर्याय म्हणून महत्त्वाचा होता. 1912 मध्येच किंग एडवर्ड यांच्या नावानं शेतकी संस्थाही निघाली, सुधारित अवजारं शेतकऱ्यांना दाखवण्यासाठी. ब्रिटिश मुंबई प्रांतात शेतमाल बाजाराचा कायदा यायला मात्र 1939 साल उजाडलं.

6 मे 1922 ला मुंबईत महाराजांचं निधन झालं. वय 48 सुद्धा पूर्ण नव्हतं.

आज काय?

2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. 14 एप्रिल 2016 ला देशात ई-नाम सुरू झालं, ज्यात शेतमालाचा लिलाव ऑनलाइन होऊ शकतो. सातबारा मोबाईलवर दिसतो. कसबा बावड्यात आता राजाराम साखर कारखान्याचं धुराडं दिसतं आणि जिल्ह्यातली गुऱ्हाळं मात्र कमी होत चालली आहेत. साखर मिसळलेला गूळ अस्सल गुळाचा भाव पाडतो, ही उत्पादकांची जुनी तक्रार अजून संपलेली नाही.

ॲप आलं, स्क्रीन आली, बारकोड आला. पण प्रश्न महाराजांच्या काळातलेच आहेत. भाव कुणाला आधी कळतो? नोंद कुणाच्या हातात आहे? दुकान काढायची आणि चालवायची मुभा खरोखर सगळ्यांना आहे का? शाहू महाराजांनी यातल्या प्रत्येक प्रश्नाला हात घातला तेव्हा कुणाचा ना कुणाचा जुना हक्क मोडला, आणि त्याचा रोषही त्यांनी पत्करला. सप्लाय चेन सुधारायची म्हणजे फक्त मशीन आणायची नसतात. मध्ये अडून बसलेल्याला उठवावं लागतं, आणि त्याची तयारी एका राजानं शंभर वर्षांपूर्वी दाखवली होती.

कसबा बावड्यातलं त्यांचं जन्मस्थळ आज स्मारक आहे. कोल्हापूरला गेलात तर अंबाबाई आणि रंकाळ्याबरोबर तिकडंही एक चक्कर मारा.