कुकरच्या दांड्यातला भुसा

कुकरचा काळा दांडा कधी नीट बघितलाय? धग लागते, तरी वितळत नाही. अशा दांड्यात बहुतेकदा पिठासारखा बारीक लाकडी भुसा असतो. इस्लापूर-किनवटकडं सॉ मिलपाशी ढिगानं पडतो ना, त्याचाच हा भाऊबंद. भुशाची आणि प्लास्टिकची ही जोडी जमवली लिओ बेकलँडनं.

त्याचा जन्म 1863 चा, बेल्जियमच्या गेन्ट शहरातला. वडील जोडे शिवायचे, आई लोकांच्या घरी कामाला. गडी शिष्यवृत्तीवर शिकला, वीस-एकवीस वयातच डॉक्टरेट मिळवली, प्राध्यापकांच्याच मुलीशी लग्न केलं आणि 1889 मध्ये अमेरिका गाठली. तिथं आधी आजारपण आणि कर्ज. मग दिव्याच्या उजेडात छापता येणारा फोटोचा कागद त्यानं काढला. 1899 मध्ये तो कोडॅकवाल्या ईस्टमननं विकत घेतला आणि पस्तिशीतच बसून खाण्याएवढा पैसा आला. हा मात्र बसला नाही.

तेव्हा वीज पसरत होती आणि विजेच्या सामानाला लाख लागायची. लाख म्हणजे पळस-कुसुमावरच्या किड्यांची देणगी, जगाला मुख्यतः भारतातून जाणारी. किडा काही कारखान्याच्या वेगानं काम करत नाही! बेकलँडला लाखेला पर्याय हवा होता.

फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड एकत्र आले की राळेसारखा चिवट गोळा होतो, हे 1872 पासून माहीत होतं. पण तो फेसाळायचा, भांड्याला चिकटून बसायचा. इतरांनी आच कमी ठेवून बघितली. बेकलँडनं उलटं केलं: बंद लोखंडी भांडं, भरपूर उष्णता आणि वर दाब. दाबामुळं बुडबुडे आलेच नाहीत. 1907 मध्ये त्यानं पेटंटचा अर्ज केला. हेच बॅकेलाइट.

खरी गंमत आहे ती त्याच्या वाहण्यात. तापलं की आधी मऊ होऊन साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात जातं, मग कायमचं घट्ट. नुसती राळ ठिसूळ. भुसा घातला की मजबूत आणि स्वस्तही. पण भुसा वाढला की मिश्रण वाहतच नाही. ज्वारीच्या पिठात पाणी कमी पडलं की भाकरी चिरते, तसंच. आणि भुसा ओला असला तर वाफ धरून माल पोकळ.

एकदा घट्ट झालेलं बॅकेलाइट पुन्हा वितळत नाही. दांडा तुटला की भंगारवालाही नाक मुरडतो. ही त्या शोधाची दुखरी बाजू, आणि आज ती आपल्याला जास्त टोचते.

1939 मध्ये बेकलँडनं कंपनी विकली. शेवटी तो एकलकोंडा झाला, डब्यातलं खायचा. 1944 मध्ये गेला.

आता जुन्या पिशव्या-डब्यांचं प्लास्टिक आणि भुसा मिळून फळ्या बनतात. हे प्लास्टिक पुन्हा वितळतं, पण 200 अंशांच्या आसपास लाकूड करपू लागतं. म्हणून पॉलिथिनसारखं कमी उष्णतेत वितळणारंच घ्यावं लागतं. मिश्रण जोरात ढकललं की सैल वाहतं, हळू ढकललं की अडून बसतं. त्यात भंगार सरमिसळ. कालचा घाणा नीट वाहिला म्हणून आजचा वाहील याची खात्री नाही. भुसा किती, कोरडा किती, जोर किती, हे बेकलँडचेच प्रश्न! यात हात घालायचा असेल तर छत्रपती संभाजीनगरला सिपेट आहे, दहावीनंतरचे डिप्लोमाही तिथं होतात.